दिवसा पाणी कोणी अडवलं होतं?



मागच्या वैशाखातली गोष्ट. आमच्या गच्चीवर शेवया आणि पापडांचा घाट घातला होता. सांगलीचं ऊन तुम्हाला माहीत आहे, पारा चाळिशीच्या आसपास. पहाटे पाचला उठले, आंघोळ, देवदर्शन, अभिषेक, घरी येऊन सगळ्यांचा नाश्ता, मग पापडाचं पीठ कुटणं, लाटणं, वर नेऊन वाळत घालणं, खाली येऊन स्वयंपाक, पुन्हा वर. शेजारच्या दोघीतिघी मदतीला होत्या, त्यांचा चहा. नातवंडं सुट्टीला आलेली, त्यांचं वेगळंच. आणि आपल्या घरी संध्याकाळ म्हणजे काय ते सांगायला नकोच. इतर घरांत साडेसहाला बायका जरा टेकतात, आपल्याकडे त्याच वेळी सूर्याशी शर्यत असते. सगळ्यांची पानं वाढून, उरकून, ओटा पुसून मी खाली बसले तेव्हा दिवस मावळला होता.

रात्री साडेनऊच्या सुमारास उजव्या कुशीत अशी कळ आली की मला वाटलं, संपलं आता. बाळंतपणं केलेली बाई मी, कळा मला नव्या नाहीत. पण ही कळ बसू देईना, झोपू देईना. मुलाने गाडी काढली. दवाखान्यात सोनोग्राफी झाली. मूत्रनलिकेत पाच मिलिमीटरचा खडा.

माझा रात्रीच्या चारही आहारांच्या त्यागाचा नियम आहे. बावन्नाव्या वर्षी मुनीमहाराजांसमोर घेतलेला, आजारपणात औषधाची सूट ठेवून. त्यामुळे इंजेक्शन घेतलं, सलाइन लावून घेतलं, पण पाण्याचा पेला पुढे आला तेव्हा मान हलवली. झालं! तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "तुमच्यात रात्री पाणीसुद्धा पीत नाहीत ना? मग असंच होणार." मुलगा आधीच घाबरलेला, त्याला आयतं कारण मिळालं. "आई, हे व्रत आता बंद. उद्यापासून रात्री पाणी प्यायचं म्हणजे प्यायचं." दुसऱ्या दिवशी भेटायला आलेल्यांनीही तेच. कोणी उघड, कोणी आडून. (सलाइन लावलं म्हणजे नियम मोडला की नाही, यावर तर आमच्या मंदिरातल्या बायकांत पंधरा दिवस चर्चा चालली होती. माझ्या खड्यापेक्षा सलाइनचीच चौकशी जास्त.)

मीही डळमळले, खोटं कशाला सांगू. वय झालंय, नियम झेपेल तेवढाच करावा, असं मनात यायला लागलं. खडा बारा दिवसांनी औषधाने आणि पाण्याने पडला. त्यानंतर गावात विहार करत आलेल्या एका आर्यिका माताजींच्या दर्शनाला गेले. त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं की नियमात पाण्याची सूट घेऊ का?

माताजींनी उलट विचारलं, "त्या दिवशी दिवसा किती पाणी प्यायली होतीस?"

मी गप्प. आठवायला लागले.

"दिवसा कोणी अडवलं होतं?"

एवढंच. पुढे त्या दुसऱ्या कोणाशी बोलायला लागल्या. आणि हे विचारणाऱ्या माताजी स्वतः दिवसातून एकदाच आहार-पाणी घेणाऱ्या! मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येऊन मी हिशोब मांडला. बी. कॉम.ला असताना रोजमेळ लिहायची सवय लागली ती कायमची. घरखर्चाची वही माझी चाळीस वर्षांची आहे, पण पाण्याचा हिशोब आयुष्यात पहिल्यांदा केला. त्या दिवशी सकाळी दर्शनानंतर एक कप चहा. जेवताना एक पेला पाणी, तोही पूर्ण नाही. चार वाजता अर्धा कप चहा. संध्याकाळी जेवताना घाईघाईत दोन घोट. सगळं मिळून अर्धा लिटर झालं असेल-नसेल. वैशाखातला दिवस, सूर्योदय सहाच्या सुमारास, सूर्यास्त सातच्या. तेरा तास पाणी माझ्यासमोर होतं. गाळलेलं, उकळलेलं, निवलेलं, माझ्याच हाताने भरून ठेवलेलं. मुलांना "पाणी पी रे उन्हातून आलास" म्हणून मी दिवसभर ओरडत होते. स्वतः प्यायले नाही, कारण आठवणच झाली नाही. आणि दोष लागला कोणाला? रात्रीच्या नियमाला!

आज मला जे सांगायचं आहे ते हेच. आपल्या बायका विसरण्याला तप समजायला लागल्या आहेत. "मला बाई दिवसभरात दोन पेले पाणी पुरतं," हे आपण ज्या सुरात सांगतो ना, त्या सुरात मला अभिमान ऐकू येतो. मीही त्याच सुरात सांगायची. पण तप म्हणजे काय? बाह्य तपांची सहा नावं आपल्याला पाठ आहेत: अनशन, अवमौदर्य, वृत्तिपरिसंख्यान, रसपरित्याग, विविक्तशय्यासन, कायक्लेश. यातलं एक तरी नकळत होतं का? अवमौदर्य म्हणजे भुकेपेक्षा कमी खाणं, पण त्यात भूक किती आहे ते माहीत असतं आणि कमी खायचं ठरवलेलं असतं. ज्याचा नियम घेतला नाही, ज्याकडे लक्षही गेलं नाही, ते सुटलं तर त्याला त्याग कसं म्हणायचं? त्याला आपल्या शास्त्रात वेगळा शब्द आहे. प्रमाद. आणि प्रमादाला आपल्याकडे किती गंभीर मानलं आहे ते मी तुम्हाला सांगायला नको, हिंसेच्या व्याख्येतच तो पहिल्यांदा येतो.

सोळाकारण भावनांमध्ये शक्तितस्त्याग आणि शक्तितस्तप आहेत. दोन्हींत 'शक्ती' आधी आहे. आपली शक्ती किती हे पाहायचं तर शरीराकडे एकदा तरी बघायला नको का?

काही जणी म्हणतील, मुनीमहाराज एकदाच पाणी घेतात, त्यांना काही होत नाही. असं म्हणणाऱ्यांनी एकदा चौका लावून पाहावा. ज्यांनी लावला आहे त्यांना माहीत आहे. पडगाहन झाल्यापासून बायकांचं लक्ष कुठे असतं? पाण्याकडे. आधी पाणी गेलं का, मध्ये गेलं का, शेवटी गेलं का. उन्हाळा असेल तर जीव नुसता टांगणीला लागलेला असतो, की अंतराय यायच्या आत महाराजांच्या ओंजळीत पुरेसं पाणी पडू दे. एखादा केस निघाला आणि महाराज तसेच उठले तर त्या घरातल्या बाईला दिवसभर अन्न गोड लागत नाही. म्हणजे पाण्याचं महत्त्व आपल्याला कळत नाही असं नाही. चांगलं कळतं. फक्त ते स्वतःला लागू करायचं असतं हे सुचत नाही. आणि चौका उठला की त्याच बाईने सकाळपासून पाण्याचा थेंब घेतलेला नसतो, हेही मी पाहिलं आहे.

उपवासाचंही तसंच. आमच्या आजीच्या वेळच्या बायका धारणेच्या दिवशी एकासन करायच्या आणि त्या एका वेळेला पाणी अगदी सावकाश, मनापासून प्यायच्या. दुसऱ्या दिवशी निर्जळा उपवास आहे याची ती तयारी असायची. आता धारणेच्या दिवशी आपण उद्याच्या पूजेच्या साड्या काढत असतो.

बरं, आता जरा गणित. तुमच्यापैकी पुष्कळ जणींचा नियम माझ्यासारखा असेल. काही जणी रात्री अन्न सोडतात, पाणी आणि औषध ठेवतात. त्यांना थोडी मोकळीक आहे. पण ज्या चारही आहार सोडतात, आणि सूर्योदयानंतरच्या आणि सूर्यास्तापूर्वीच्या दोन-दोन घटिकाही पाळतात, त्यांच्या हातात किती वेळ उरतो? दोन घटिका म्हणजे ४८ मिनिटं. दोन्हीकडची मिळून ९६. डिसेंबरात आपल्याकडे दिवस अकरा तासांचा. त्यातून हे वजा केलं की साडेनऊ तासांच्या आसपास. त्यातही देवदर्शनाशिवाय पाणी नाही असा नियम असेल तर आणखी तासभर कमी. साध्या तब्येतीच्या बाईला दिवसाला दोन लिटर पाणी धरलं, पेला २०० मिलिलिटरचा धरला, तर दहा पेले. साडेआठ-नऊ तासांत दहा पेले. म्हणजे तासाला एकाहून जरा जास्तच. इतर लोक जे सोळा-सतरा तासांत पितात ते आपल्याला निम्म्या वेळात प्यायचं आहे. मग आपण इतरांपेक्षा दुप्पट जागरूक असायला हवं की नाही? आणि आपण असतो निम्म्याने. हिवाळ्यात तर तहान लागत नाही म्हणून पाव.

डॉक्टरांनी मला आणखी एक सांगितलं, ते वयस्कर मैत्रिणींनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. वय वाढतं तशी तहानेची जाणीव कमी होते. शरीराला पाणी हवं असतं, पण जिभेला ते कळत नाही. "तहान लागली की पिऊ" हा हिशोब साठीनंतर चालत नाही. ज्याला एकदा खडा झाला त्याला पुन्हा होण्याची शक्यता असते, म्हणून मला तर त्यांनी इतकं पाणी प्यायला सांगितलं आहे की दिवसाला दोन लिटरच्या वर लघवी झाली पाहिजे. रंग गव्हाच्या काडासारखा फिका हवा, गडद पिवळा दिसला की समजायचं पाणी कमी पडलं. यापेक्षा सोपी तपासणी कुठली? पैसे लागत नाहीत. (ज्यांना हृदयाचा किंवा किडनीचा विकार आहे, पाणी कमी करण्याच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी मात्र माझं ऐकू नका. तुमचं माप तुमच्या डॉक्टरांना विचारा.)

हे सगळं मी घरी मोठ्या उत्साहाने सांगत होते. सूनबाई शांतपणे डबा भरत होती. ती एका पतसंस्थेत काउंटरला आहे, सकाळी साडेआठची एसटी धरते, यायला सहा वाजतात. मी तिला म्हटलं, "तूही जरा मनावर घे. मी उकळलेल्या पाण्याची बाटली देते रोज, ती संध्याकाळी अर्धी परत येते."

ती म्हणाली, "आई, पाणी प्यायलं की जावं लागतं. जायचं कुठं?"

मग एकेक कळलं. सगळ्या कार्यालयात मिळून एक संडास, जिन्याखाली. पुरुषांना आणि बायकांना तोच. कडी नीट लागत नाही. किल्ली शिपायाकडे, ती मागायची म्हणजे दहा ग्राहकांसमोरून जायचं. एसटी स्टँडवरच्या स्वच्छतागृहाबद्दल तर तिने काही सांगितलंच नाही, नुसता हात हलवला. म्हणून ती घरून निघताना पाणी पीत नाही, दुपारी डब्याबरोबर दोन घोट घेते आणि चारनंतर बंद. वर्षात दोनदा लघवीचा जंतुसंसर्ग झाला, दोन्ही वेळा औषधं घेतली, मला सांगितलं नाही. बायकांचा मूत्रमार्ग आखूड असतो, त्यामुळे असा संसर्ग आपल्याला पुरुषांपेक्षा लवकर होतो, आणि लघवी तासन्‌तास धरून ठेवली की त्याला आणखी निमंत्रण.

मी तिला आळशी समजत होते. "आजकालच्या मुलींना पाणी प्यायची आठवण राहत नाही," असं मंदिरात बोललेही होते. माझी चूक आठवणीची होती, तिची नव्हती. ती दर घटकेला पाण्याची आठवण ठेवून ते टाळत होती.

तिला मी काय सांगणार? "आठवणीने पी" असं? माझ्या सल्ल्याला तिथे काही किंमत नव्हती. शेवटी तिने आणि तिच्याबरोबरच्या तिघींनी मिळून व्यवस्थापकांना लेखी अर्ज दिला. अर्जाचा मसुदा मी करून दिला, तेवढी माझी कॉमर्सची भाषा कामाला आली. कडी आठवड्यात बसली. किल्ली आता बायकांच्या टेबलाच्या खणात असते. वेगळ्या संडासाचं "बघू" म्हणालेत. तिची बाटली हल्ली रिकामी येते. कधीकधी थोडी उरते, तेव्हा मी काही बोलत नाही.

एक आक्षेप मला अपेक्षित आहे, कारण तो मी स्वतःच माताजींकडे न्यायचं ठरवलं होतं आणि धीर झाला नाही. पाणी हे स्वतःच जलकायिक जीवांचं शरीर. जितकं कमी पाणी वापरू तितकी हिंसा कमी. मग जास्त पाणी प्या असं जैन बाईने जैन बायकांना सांगावं का?

याचंही उत्तर मी वहीतच शोधलं. एक दिवस घरात पाणी कुठे कुठे जातं ते मोजलं. आंघोळीची एक बादली वीस लिटर. घरात सहा माणसं, आणि मुलगा शॉवरखाली उभा राहतो तेव्हा बादलीचं माप संपतं. धुण्याचं यंत्र, फरशी, भांडी, अंगणात सडा, गाडी धुणं. आणि आमच्या शेजारी ते आर.ओ.चं यंत्र आहे, ते एक लिटर पाणी शुद्ध करून देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतं. या सगळ्यात माझे दोन लिटर कुठे बसतात? शेकड्याला एकही नाही. पाण्याचा संयम करायचा तर करायला भरपूर जागा आहे, नळ जरा बारीक सोडला तरी दहा लिटर वाचतात. तिथे आपण सढळ हात ठेवतो आणि वाचवतो कुठे, तर स्वतःच्या घशात. गरजेपुरतं पाणी गाळून, प्रासुक करून पिणं ही श्रावकाची चर्याच आहे. आपल्या पूर्वजांनी पाणी कसं गाळायचं ते सांगितलं, कापड दुहेरी हवं, ते ३६ अंगुळं लांब आणि २४ अंगुळं रुंद हवं, गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त, लवंगेसारख्या पदार्थाने प्रासुक केलेल्याची दोन प्रहर, चांगलं उकळलेल्याची चोवीस तास, गाळण्यातली जिवाणी जिथलं पाणी तिथेच परत हळुवार सोडायची, हे सगळं इतक्या बारकाईने सांगितलं ते कशासाठी? प्यायचंच नसतं तर एवढं सांगण्याची गरज नव्हती.

आता मी काय करते ते सांगते. यात काही विशेष नाही, पण चार गोष्टी फसल्यानंतर जमलेलं आहे म्हणून सांगते.

आधी नातवाने मोबाइलमध्ये तासातासाला घंटा लावून दिली. हात पिठात असताना ती वाजायची. कोपराने बंद करायची, "हो हो, पिते" म्हणायची आणि विसरायची. चार दिवसांनी ती घंटा ऐकूच येईनाशी झाली. मग मी फ्रीजवर कागद लावून पेल्यांच्या रेघा मारायला लागले. त्यात माझी लबाडी अशी की संध्याकाळी पाच वाजता अंदाजे आठ रेघा एकदम मारायच्या. एकदा तर सव्वासहा वाजता शुद्धीवर आले आणि सूर्यास्ताच्या आत तीन-चार पेले एका दमात ढोसले. पोट टम्म, जेवण गेलं नाही आणि रात्री चार वेळा उठणं झालं. गुडघे दुखतात, रात्रीच्या त्या उठण्याच्या भीतीने तर आपल्यातल्या किती जणी पाणी कमी करतात, ते मला आता कळलं. तसं एकदम पिऊन उपयोगही नाही.

कॉलेजात किरकोळ रोख खर्चाची एक पद्धत शिकवायचे, इम्प्रेस्ट नावाची. ठरावीक रक्कम आधी हातात द्यायची, मुदत संपली की किती उरली ते पाहायचं, की किती खर्च झाला ते कळतं. मी तेच केलं. तोटी असलेली दोन लिटरची स्टीलची छोटी कळशी घेतली. सकाळी पाणी गाळून उकळलं की निवल्यावर आधी माझी कळशी भरायची. त्यातलं दुसऱ्या कोणी प्यायचं नाही आणि मी दुसरीकडचं प्यायचं नाही. ती ठेवायची कुठे, यालाही महिना गेला. देवघराजवळ ठेवली तर दिवसभर तिकडे जाणं होत नाही. जेवणाच्या टेबलावर ठेवली तर कोणीतरी हलवतं. शेवटी गॅसच्या डाव्या हाताला, मिठाच्या डब्याशेजारी. मीठ घ्यायला हात गेला की ती दिसते. दिसली की प्यायलं जातं. दर्शनाहून आल्यावर एक पेला, कुकर लावला की एक, दुपारी जाप झाला की एक, हे आता ठरून गेलं आहे, बाकीचे मधूनमधून. दुपारी तीनपर्यंत कळशी दोन तृतीयांश रिकामी झाली पाहिजे. मग संध्याकाळी घाई होत नाही आणि रात्री उठणं एकदाच. ताजं ताक, शहाळं, कोकमचं सरबत हे वरचं धरायचं. (ताकाच्या वेळी जेवणात डाळ-बेसन नाही ना, तेवढं द्विदलाचं बघून.)

आणि वहीत रोज एकच आकडा लिहिते. कळशीत काय उरलं तो. पहिल्या महिन्यात अर्धा लिटर, पाऊण लिटर असे आकडे आहेत. पाहुणे असले, कार्य असलं की हमखास. म्हणजे आपण जितक्या जास्त राबतो तितकं कमी पितो, हे वहीनेच दाखवलं. हल्ली एखादा पेला उरतो. रात्रीचा नियम मी बदलला नाही, आणि त्यानंतर खडाही झालेला नाही. पुढे होणारच नाही असं मी म्हणत नाही.

सूनबाईच्या त्या बोलण्यानंतर मी मात्र आणखी एक गोष्ट बघायला लागले आहे. आपल्या समाजात पाणपोई बांधायची मोठी परंपरा. आईवडिलांच्या स्मरणार्थ पाणपोई, संगमरवरी फलक, उद्‌घाटन. चांगलंच आहे, उन्हातल्या माणसाची तहान भागते. पण गेल्या वर्षभरात मी आठ-दहा मंदिरांत, मंगल कार्यालयांत आणि क्षेत्रांवर गेले, तिथे थंडगार पाण्याच्या तोट्या चार-चार आणि बायकांसाठी धड कडीचा संडास एक, तोही मागच्या बाजूला, अंधारात. दशलक्षणात सकाळी सहापासून दुपारी बारापर्यंत पूजेला बसणाऱ्या ऐंशी-शंभर बायका काय करत असतील? तुम्हाला माहीतच आहे काय करतात. घरून पाणी न पिता येतात, आणि आपण त्याला भक्ती म्हणतो. "अमुक यांच्या स्मरणार्थ स्त्रियांचे स्वच्छतागृह" असा फलक मी अजून एकाही मंदिराबाहेर वाचलेला नाही. दात्यांना लाज वाटते म्हणे.

आमच्या मंदिराच्या विश्वस्तांच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक ज्येष्ठ काका म्हणाले, "ताई, हे बैठकीत बोलायचे विषय नव्हेत." मी म्हटलं, "काका, मग कुठे बोलायचं ते सांगा, तिथे बोलते." ते हसले आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. ती बैठक अष्टमीनंतरच्या रविवारी आहे. दोन संडास, हात धुण्याचं बेसिन, आतून लागणारी कडी, दिवा आणि साफसफाईला एक बाई, असं अंदाजपत्रक मी गवंड्याला विचारून तयार ठेवलं आहे. पापडाच्या त्या दिवसाला जितका खर्च माझ्या दवाखान्यावर झाला, तेवढे पैसे मी माझ्या नावाने पहिली देणगी म्हणून लिहिले आहेत. आमच्या गल्लीतल्या दोघीजणी बरोबर येते म्हणाल्या आहेत.